दोन नंबर

फुंकू नकोस, कोल्बी.
सगळे हेच करतात.
फुंकरीनं चूल पेटते, भाजलेलं बोट निवतं,
पण तांब्यावर थुंकीचा कण बसला
की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हिरवा होतो.

बस. खुर्चीवरची मांजर उठव.
चर्चच्या जुन्या बाजारात, चार डॉलरला?
म्हणजे महाग नाही पडलं.
लाव टीव्हीला.
निळसर पडदा, वर-खाली रंगांच्या पट्ट्या,
कुठलीही कळ दाबा म्हणतंय. दाब.

आता वाच.
एक. एकच्या पुढे बेसिक.
दोन नाही.
दोनच्या जागी तुझा गेम हवा होता,
तिथे नुसता निळा.
खाचेत कार्ट्रिज गच्च बसलीय
आणि यंत्र म्हणतंय, माझ्याकडे कुणी आलंच नाही.

ती कापसाची काडी दे, आणि स्पिरिट.
कापूस इथलाच असेल,
खिडकीतून बघ, पार विमानतळाच्या रस्त्यापर्यंत तोच आहे.
काळी झाली ना काडी?
ही आपल्या लबकची माती.
मार्चमध्ये आभाळ विटकरी होतं
तेव्हा ती दाराच्या फटीतून येते,
मिटलेल्या ओठांतूनही.

अजून एकच.

मग उघडू या. पोटाखाली सात स्क्रू, बशीत ठेव.
खाचेच्या तोंडाशी ही नमद्याची पट्टी, बघ,
बोटाला चिकटतेय.
हिला तेल लावलेलं असायचं,
कार्ट्रिज सुळकन आत जावी म्हणून.
चिमट्यानं मी बसवायचे अशा,
पाळीला चारशे,
शेजारी विल्मा डकेट, ती चर्चची गाणी गुणगुणायची.
चांगल्या हेतूनं लावलेलं तेल.
चाळीस वर्षं त्यानं धूळ धरून ठेवली
आणि येईल त्या प्रत्येकीला फासली.
काढून टाकली. लाव परत.

आता माझी ही पाढ्यांची कार्ट्रिज घाल.
आली! दोन. दोनच्या पुढे पाढे.
तुझी घाल.
एक.
माझी. दोन.
तुझी.

थांब.
चष्मा कुठाय माझा?
फिकट डबा, कडेला चंदेरी पत्रा नाही.
दारातच ओळखायला हवं होतं मला.
ही शेवटची खेप.
वरून चिप बदलून आली होती,
बाहेरच्या कंपनीचा गेम यानं ओळखायचाच नाही.
आपल्या शिक्क्याचे तेवढे एक नंबर,
बाकी सगळा दोन नंबरचा माल.
तासभर घासतेय मी, आणि याला काहीच झालेलं नाही.
ठणठणीत आहे.
सांगितलंय तेवढंच करतंय.

त्याच वर्षी, थंडीच्या आधी,
गेटवर माझं कार्ड चालेना.
मी ते जीन्सला पुसलं. उलटं घातलं. सुलटं घातलं.
मागे रांग लागली होती.
कार्डाला मी फुंकरसुद्धा मारली, कोल्बी.
मला वाटलं धूळ असेल.

जाऊ दे.
कपाटात ख्रिसमसच्या दिव्यांखाली एक काळं-चंदेरी आहे,
आधीच्या वर्षाचं, कुणालाही आत घेणारं.
उचल जपून, त्याचा वीजपुरवठा तापतो.
घाल तुझी.

दोन.

बघ, नाव पण आलं गेमचं, कुठल्याशा गुहेचं.
नाही, तू दाब. मला कुठे खेळता येतं,
मी नुसते बनवायचे.
बरं, सरक.
हा ठिपका म्हणजे मी?
आणि तो माझ्याकडे येणारा?

मेले.
पुन्हा लाव.
आणि बशीत स्क्रू सहाच दिसतायत,
मांजर कुठे गेली बघ.